ट्रेडिंग म्हणे...

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधे दोन-तीन विषय डोक्यात घोळत होते, अर्धवट लिहून ठेवलेत, ते येतील यथावकाश. पण सध्या एका शब्दाने डोकं खाल्लंय. शब्द साधाच आहे, ट्रेडिंग.

आमच्या लहानपणी या बाबतीतले शब्द कसे सरळ होते. पैज, सट्टा, आकडा, मटका, तीन पत्ती. कुणाच्या घरातला माणूस आकडा लावतो हे सगळ्या वाड्याला ठाऊक असायचं आणि त्याच्या बायकोशी बोलताना सगळ्यांचा आवाज जरा खाली यायचा. आता तीच गोष्ट फोनवर करतात, हिरव्या-लाल रेघा असतात, खाली 'बाय' आणि 'सेल' अशी बटणं असतात, आणि त्याला म्हणायचं ट्रेडिंग. माझी ताई नाशिकहून फोनवर कौतुकाने सांगत होती, "अगं, तो अभ्यास सांभाळून ट्रेडिंगही करतो." तो म्हणजे माझा भाचा. इथे अमेरिकेत शिकायला आहे, वय एकोणीस. ताईला वाटतंय पोरगं शेअर्स घेतंय. पोरगं घेतंय काउंटर-स्ट्राइकच्या मॅचेस.

वाचणाऱ्यांत काका-मावश्या बऱ्याच आहेत, म्हणून आधी थोडं समजावून सांगते. ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन परिच्छेद गाळावेत.

काउंटर-स्ट्राइक हा संगणकावर खेळायचा बंदूकबाजीचा खेळ. पाच विरुद्ध पाच. जो संघ आधी तेरा राउंड जिंकेल त्याने तो नकाशा जिंकला, आणि मोठ्या मॅचेस बहुधा तीनपैकी दोन नकाशांच्या असतात. कुठल्या नकाशावर खेळायचं हे दोन्ही संघ आळीपाळीने काही नकाशे बाद करून ठरवतात. दुसरा मोठा खेळ लीग ऑफ लेजंड्स, तिसरा डोटा. यांच्या जागतिक स्पर्धा होतात, स्टेडियमं भरतात. २०२१ साली बुखारेस्टला झालेल्या डोटाच्या 'द इंटरनॅशनल'मधे बक्षिसांची एकूण रक्कम चार कोटी डॉलर होती. त्यामुळे 'पोरंटोरं गेम खेळतात' असं म्हणून सोडून देण्यासारखं हे राहिलेलं नाही.

आता तो बाजार. समजा शनिवारी अ आणि ब या दोन संघांची मॅच आहे. 'अ जिंकेल' असा एक कागद विकायला आहे असं समजा. अ जिंकला तर कागदाचा एक डॉलर, हरला तर शून्य. आज त्याचा भाव ६३ सेंट आहे, म्हणजे बाजाराच्या मते अ जिंकायची शक्यता साधारण ६३ टक्के. तुम्हाला वाटतं ७० आहे, तर तुम्ही घेता. मॅच चालू असताना भाव ८० झाला तर तिथेच विकून मोकळं होता येतं, शेवटपर्यंत थांबायची गरज नाही. बुकीकडे भाव बुकी ठरवतो. इथे समोर तुमच्यासारखाच दुसरा कुणीतरी (किंवा कुणाचातरी संगणक) असतो आणि कंपनी मधे बसून आपली फी घेते. अमेरिकेत यातली दोन मोठी नावं म्हणजे कालशी आणि पॉलीमार्केट. कालशीला वायदे बाजारावर देखरेख करणाऱ्या सीएफटीसी या केंद्रीय आयोगाची परवानगी २०२० मधे मिळाली. पॉलीमार्केटला याच आयोगाने जानेवारी २०२२ मधे चौदा लाख डॉलर दंड केला होता, आणि ऑक्टोबर २०२५ मधे न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या मालक कंपनीने त्याच पॉलीमार्केटमधे दोनशे कोटी डॉलरपर्यंत गुंतवायचं जाहीर केलं. दिवस कसे फिरतात बघा.

२०२५ च्या सुरुवातीला कालशीने खेळांवरचे सौदे आणले आणि अनेक राज्यांशी त्यांचं वाजलं. नेवाडा आणि न्यू जर्सीने मार्च २०२५ मधे नोटिसा धाडल्या, मॅसॅच्युसेट्सने सप्टेंबरमधे खटला भरला. राज्यांचं म्हणणं, हा जुगार आहे, आमचा परवाना घ्या. कंपनीचं म्हणणं, हा वायद्याचा सौदा आहे, आमच्यावर केंद्राची देखरेख आहे, तुमचा संबंध नाही. वकिलांची चंगळ. पण या वादात एक बारीक गोष्ट आहे जी आईबापांना कुणी सांगत नाही. बहुतेक राज्यांत परवानाधारक बेटिंग ॲपवर वयाची अट २१ आहे. इथे ती १८ आहे, कारण हा जुगार नाही, ट्रेडिंग आहे. शब्दाने तीन वर्षं खाली आणली.

आता माझं मत. या बाजारांचं सगळंच मला वाईट वाटत नाही, हे आधी सांगून टाकते. आयोवा विद्यापीठात १९८८ पासून निवडणुकांवर असा एक छोटा बाजार अभ्यासासाठी चालवला जातो आणि त्याचे अंदाज जनमत चाचण्यांपेक्षा बरेचदा सरस ठरले, असं तिथले प्राध्यापक दाखवून देतात. कल्पना पटण्यासारखी आहे. हजार लोकांना हजार ठिकाणी थोडं थोडं माहीत असतं. प्रत्येकाने आपल्या माहितीवर स्वतःचे पैसे लावले की ते थोडं थोडं एका आकड्यात गोळा होतं. टीव्हीवरच्या पंडितांसारखी हवेत बोलायची सोय नाही, चुकलात तर खिसा हलका. मला तर वाटतं आपल्याकडच्या काही राजकीय विश्लेषकांना सक्तीने यात बसवावं!

पण या युक्तिवादात 'माहिती' या शब्दावर सगळी मदार आहे. भाव बरोबर यायला हवा असेल तर ज्याला आतली माहिती आहे त्याने बाजारात उतरायला हवं. रॉबिन हॅन्सन हे अर्थशास्त्रज्ञ या बाजारांचे जुने पुरस्कर्ते, ते तर आतल्या माहितीवर व्यवहार होण्याला फारसं वाईट मानत नाहीत. त्यांच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे. पण ई-स्पोर्ट्समधे आतली माहिती कुणाकडे असते?

असते दहा पोरांकडे. त्यातल्या कुणाचं मनगट दुखतंय, कोण कालपासून कोचशी बोलत नाही, कुठल्या नकाशाचा सराव गेले दोन आठवडे केलेलाच नाही, कोण बदली येणार आहे. क्रिकेटमधे निदान पिच सगळ्यांना दिसतं, नेट्समधे पत्रकार उभे असतात. इथे सराव सामने बंद दाराआड ऑनलाइन होतात आणि त्यांचे निकाल बाहेर सांगायचे नाहीत असा रिवाज आहे. म्हणजे माहिती अगदी थोड्या जणांकडे, ते वयाने अगदी लहान, आणि वरचे पंचवीस-तीस संघ सोडले तर खिशाने अगदी फाटके.

आणि याहून मोठी गोष्ट, त्या पोरांना निकाल नुसता माहीत नसतो, तो त्यांना घडवता येतो.

यावरून मुंबईची आठवण येते. एकोणिसाव्या शतकात मुंबईत पावसावर सट्टा चालायचा. इतका की सरकारला त्यासाठी जुगाराचा कायदा बदलावा लागला. पुढे विसाव्या शतकात आकडा आला तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा. तिथले उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव मुंबईच्या कापूस बाजारात यायचे आणि त्यावर गिरण्यांच्या चाळींपासून पेढ्यांपर्यंत सगळे आकडा लावायचे. ओपन आणि क्लोज हे मटक्याचे शब्द त्याच दिवसांतले. १९६१ मधे न्यूयॉर्कहून ते भाव यायचे थांबले, मग १९६२ मधे कल्याणजी भगत आणि १९६४ मधे रतन खत्री यांनी आपापले मटके सुरू केले, आणि आकडा चिठ्ठ्या-पत्त्यांतून निघू लागला. मी काही मटक्याची थोरवी गात नाहीये. त्यात संसार बुडालेले मी बघितलेत. पण एक बघा, पाऊस काय किंवा न्यूयॉर्कचा कापूस काय, लावणाऱ्याच्या हाताबाहेरचा होता. आपल्यावर कुणी पैसे लावलेत हे ढगाला माहीत नसतं. त्याला फोन करून "आज जरा कमी पड" असं सांगता येत नाही.

एकोणीस वर्षांच्या पोराला सांगता येतं.

हे मी कल्पनेने बोलत नाहीये. दक्षिण कोरियात २०१० मधे स्टारक्राफ्टच्या अकरा खेळाडूंवर बंदी आली, त्यात मा जे-यून होता, म्हणजे त्या खेळातला त्या काळचा तेंडुलकरच म्हणा. तरी पाच वर्षांनी पुन्हा तेच. ली सुंग-ह्यून, खेळातलं नाव 'लाइफ'. २०१२ मधे पंधराव्या वर्षी कोरियातली सर्वांत मोठी स्पर्धा जिंकला, २०१४ मधे जगज्जेता झाला, आणि २०१५ मधे दोन मॅचेस मुद्दाम हरला, सात कोटी वॉन घेऊन. अठरा वर्षांचा होता. दीड वर्षाची शिक्षा झाली, ती तीन वर्षांसाठी स्थगित ठेवली, पण खेळ कायमचा संपला. मला त्याच्याबद्दल वाचताना सारखा मोहम्मद आमिर आठवत होता. तोही २०१० मधे लॉर्ड्सवर ते नो-बॉल टाकले तेव्हा अठराचाच होता.

अमेरिकेतही झालं. ऑगस्ट २०१४ मधे आयबायपॉवर नावाच्या संघाची पोरं काउंटर-स्ट्राइकची मॅच मुद्दाम हरली. पैज रोख पैशांची नव्हतीच, खेळातल्या बंदुकांच्या रंगीत सजावटीची होती, जिला स्किन म्हणतात आणि जी बाजारात पैशाला विकली जाते. जानेवारी २०१५ मधे खेळाच्या मालक कंपनीने, व्हॉल्व्हने, त्यांच्यावर बंदी घातली. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०१९ मधे व्हिक्टोरिया पोलिसांनी याच खेळातल्या फिक्सिंगसाठी सहा तरुणांना पकडलं.

आणि सगळ्यात लक्षात राहणारा किस्सा रशियाचा. २०१३ मधे अलेक्सेई बेरेझिन, टोपणनाव 'सोलो', याने डोटाच्या एका मॅचमधे स्वतःच्याच संघाविरुद्ध शंभर डॉलर लावले. मिळाले किती? ३२२ डॉलर. बस्स, एवढेच. आजही डोटाच्या मॅचमधे कुणी वाईट खेळलं की बघणारे ३२२ असं लिहितात. तो पुढे सुधारला, बंदी कमी झाली, मोठ्या संघाचा कप्तानही झाला. पण तो आकडा काही त्याला सोडत नाही. लाच म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सुटकेस येते, इथे महिन्याच्या वाणसामानाइतकी रक्कम पुरली.

"मावशी, हे सगळं बुकींच्या जमान्यातलं आहे. आता सगळे व्यवहार नोंदलेले असतात, कुणी घोळ केला तर लगेच सापडतो," असं भाचा म्हणतो. त्यात तथ्य आहे. गल्लीतल्या बुकीच्या वहीपेक्षा नोंदलेला बाजार तपासायला सोपा. मोठ्या मॅचेसबद्दल मी त्याच्याशी भांडणारही नाही. २०२५ च्या नोव्हेंबरमधे चेंगडूला लीग ऑफ लेजंड्सची अंतिम लढत झाली, टी-वन विरुद्ध केटी रोल्स्टर, टी-वन ३-२ ने जिंकले, सलग तिसऱ्यांदा. असल्या मॅचवर जगभरातून इतके लोक इतके पैसे लावतात की एका पोराच्या खिशातली बातमी त्यात विरघळून जाते. शिवाय फेकरसारख्या खेळाडूला (ली सांग-ह्योक, सहा जागतिक विजेतेपदं) हरण्यासाठी किती द्यावे लागतील? त्याच्याकडे गमावण्यासारखं इतकं आहे की कुणाला परवडणारच नाही.

प्रश्न आहे तो खालच्या पायऱ्यांचा. पात्रता फेरीच्या पात्रता फेऱ्या असतात, बघायला दोनशे माणसं, जिंकणाऱ्याला मिळतात त्या पैशांत पाच जणांचं महिन्याचं भाडंही निघत नाही. अशा मॅचवर 'हजारो लोकांचं शहाणपण' वगैरे काही नसतं, कारण हजारो लोकच नसतात. तिथे भाव म्हणजे चार माणसं आणि दोन संगणक. त्या चारांतल्या एकाला काही माहीत असलं तर उरलेल्या तिघांचे पैसे त्याच्या खिशात गेले, एवढाच त्याचा अर्थ. आणि व्यवहार नोंदलेला असून उपयोग काय, जर खेळाडूने स्वतः न घेता मावसभावाला घ्यायला सांगितलं तर?

आणखी एक. आपण यूट्यूबवर किंवा ट्विचवर जी मॅच 'थेट' बघतो ती थेट नसते, मुद्दाम काही वेळ उशिरा दाखवतात, नाहीतर खेळाडूंनाच त्यातून विरोधकांच्या जागा कळतील. पण खेळाच्या सर्व्हरवरून निघणारी अधिकृत आकडेवारी पैसे मोजणाऱ्यांना आधी मिळते. म्हणजे भाच्याने पडद्यावर राउंड जिंकलेला बघून बटण दाबेपर्यंत तो राउंड काही लोकांसाठी शिळा झालेला असतो. सस्क्वेहॅनासारखी वॉल स्ट्रीटची बडी कंपनी २०२४ मधे कालशीवर दोन्ही बाजूंचे भाव लावायला उतरली, ती काही हौसेने नाही. या बाजारात एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटाच असतो, वर फी जाते. शेअर घेतला तर निदान मागे एक कारखाना असतो, तो साबण विकतो, लाभांश देतो. इथे मागे काही नाही. ताईला मी हेच सांगितलं, की याला शेअर्स म्हणू नकोस.

बरं, भाचा यात बुडालाय का? नाही. उलट सध्या फायद्यात आहे, पोरगं हुशार आहे, खेळ त्याला खरोखर कळतो. मला टोचलं ते वेगळंच. त्याचा रूममेट खेळाडू आहे, खालच्या एका लीगमधे खेळतो, अजून कॉलेजातच आहे. दोघं पहिल्या वर्षापासूनचे मित्र, रात्री दोनला एकत्र मॅगी खाणारे. मी गेल्या सुट्टीत त्यांच्याकडे दोन दिवस होते. जेवताना भाच्याने सहज विचारलं, "उद्या तुमचा तो पोलिश पोरगा खेळतोय ना?" रूममेट एक क्षण थांबला आणि म्हणाला, "का विचारतोयस?" मग दोघंही हसले, विषय बदलला. त्यांच्या मॅचवर भाचा काही लावत नाही असं तो म्हणतो आणि माझा विश्वास आहे. पण वर्षभरापूर्वी हा प्रश्न नुसता प्रश्न होता. मैत्रीतल्या साध्या चौकशीला भाव आला की ती चौकशी उरत नाही. नंतर रूममेटने मला त्याच्या फोनवरचे निरोप दाखवले. अनोळखी लोकांचे. काहींत शिव्या (तुझ्यामुळे माझे एवढे गेले), काहींत गोडीगुलाबी, "फक्त एवढं सांग, बदली कोण येतंय." एकवीस वर्षांचा मुलगा. त्याला मॅनेजर नाही, वकील नाही, आईबापांना हा खेळ कळत नाही.

भारतात ऑगस्ट २०२५ मधे नवा ऑनलाइन गेमिंग कायदा झाला. त्याने ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली आणि पैसे लावायच्या खेळांवर सरसकट बंदी आणली, कौशल्य असो की नशीब. प्रोबोसारख्या, 'मतांचं ट्रेडिंग' म्हणवणाऱ्या ॲपलाही रोख व्यवहार बंद करावे लागले. खेळणारा वेगळा आणि लावणारा वेगळा, ही कायद्याने ओढलेली रेघ मला आवडली. खेळणाऱ्या पोरांना गुन्हेगार ठरवलं नाही हेही बरं केलं. पण नुसत्या बंदीने काय होतं ते आपण मटक्यात बघितलंच आहे. बंदी होती १८८७ च्या कायद्यापासून, आणि कल्याणचा आकडा मात्र पानवाल्यापासून सगळ्यांना माहीत.

इकडे अमेरिकेत मला विचाराल तर (कुणी विचारत नाही, म्हणून तर ब्लॉग आहे) अंतिम फेऱ्यांवर खुशाल बाजार चालवा. पण ज्या स्पर्धेत खेळाडूला पोटापुरता पगार नाही तिच्यावर सौदा निघता कामा नये, आणि ते स्पर्धा भरवणाऱ्यांच्या संमतीने ठरावं. पहिला राउंड कोण जिंकेल, पहिला कोण मरेल, असले तुकडे तर नकोतच. नो-बॉल विकणाऱ्यांचा धंदा तुकड्यांवरच चालतो. आणि वय २१ करा. जून २०२५ मधे रायट या लीग ऑफ लेजंड्सच्या मालक कंपनीने वरच्या संघांना बेटिंग कंपन्यांची प्रायोजकता घ्यायला परवानगी दिली. त्यातला काही पैसा तरी खालच्या लीगमधल्या पोरांच्या पगारात आणि त्यांना सावध करण्यात घाला, एवढं मागणं काही फार नाही.

भाच्याला हे लिहिण्याआधी वाचून दाखवलं. "रूममेटचं नाव घालू नकोस," एवढंच म्हणाला, आणि मग बराच वेळ काही बोलला नाही. रूममेटची पुढची मॅच शनिवारी संध्याकाळी आहे. सुदैवाने तिच्यावर अजून कुठे सौदा निघालेला दिसत नाही. मी बघणार आहे. तेरा राउंड लागतात एवढं तरी आता मला कळतं.